कर्तरी प्रयोग

नववीच्या वर्गात प्रयोग शिकवायला घेतले, की एक गंमत दरवर्षी ठरलेली असते. फळ्यावर ‘कर्तरी प्रयोग’ असे लिहिले, की मागच्या बाकांवरून हसू ऐकू येते. आमच्या भागातल्या मुलांच्या कानाला कन्नडची सवय असते. कन्नडमध्ये कात्रीला ‘कत्तरी’ म्हणतात, आणि शिंप्याच्या नि न्हाव्याच्या दुकानात हा शब्द त्यांनी शंभरदा ऐकलेला असतो. एखादा धीट मुलगा विचारतोच, “सर, ह्यात कात्री कुठनं आली?” मग मी सांगतो, की बाबांनो, हे दोन शब्द वेगळे आहेत. कात्री या अर्थाचा ‘कर्तरी’ हा कापणे या अर्थाच्या धातूपासून आला. व्याकरणातला ‘कर्तरी’ हा ‘कर्तृ’, म्हणजे कर्ता, या शब्दापासून आला. उच्चार सारखा, पण नाते काही नाही.

पंचवीस-तीस वर्षे मी हेच सांगत आलो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र आमच्या घराच्या सोप्यात एक लहानसा प्रसंग घडला आणि ‘नाते काही नाही’ हे माझे विधान मला पुन्हा तपासून पाहावेसे वाटले.

माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. खानापूर तालुक्यातला, शिंप्याचा मुलगा. गेली दहा-बारा वर्षे तो स्कॉटलंडच्या उत्तर भागात नोकरीला आहे. फराळ झाला, जुन्या आठवणी झाल्या. मग त्याने पिशवीतून एक चपटी पेटी काढली आणि म्हणाला, “सर, तिकडं मला एक नाद लागलाय. दाखवू काय?”

पेटीत टेबलाला अडकवायचा एक चिमुकला व्हाइस होता, रेशमी धाग्यांची रिळे होती, कलाबतू होता, रंगीबेरंगी पिसांच्या पुड्या होत्या, गळ होते आणि तीन कात्र्या होत्या. तिकडे नदीत गळ टाकून मासे धरतात, पण गळाला आमिष म्हणून गांडूळ लावत नाहीत. पिसे, केस आणि धागे बांधून गळालाच एखाद्या किड्याचे किंवा माशीचे रूप देतात. तिला ते माशीच म्हणतात. अशी माशी बांधणे ही तिथली जुनी कला आहे. इंग्रजीत १४९६ साली छापलेल्या मासेमारीच्या एका पुस्तकात अशा बारा माश्यांच्या कृती दिलेल्या आहेत. सॅमन नावाचा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत उलटा चढतो. पहिल्या पावसात ओढ्यांना चढणीचे मासे येतात ते आपल्याला ठाऊक आहेत. हे तसेच, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. या सॅमनसाठीच्या माश्या सर्वांत देखण्या. गेल्या शतकाच्या आधी, व्हिक्टोरिया राणीच्या काळात, त्यांना जगभरच्या पक्ष्यांची पिसे लावत.

मला मासेमारीतले काही कळत नाही. माझे लक्ष गेले ते कात्र्यांकडे. शिंप्याचा मुलगा असल्याने त्याचेही बोलणे तिकडेच वळले.

“चांगली कात्री मिळायला मला तीन वर्षं लागली, सर,” तो म्हणाला. “पहिली स्वस्तातली घेतली. टोकाला धारच नव्हती. दोरा कापायचा सोडून दुमडायची.”

मग त्याने मला चांगल्या कात्रीची परीक्षा शिकवली. कात्री मिटून उजेडासमोर धरायची. चांगल्या कात्रीची दोन पाती एकमेकांना सपाट चिकटलेली नसतात. दोन्हींना किंचित बाक असतो, मधून उजेडाची फट दिसते आणि टोके मात्र जुळलेली असतात. कापताना दोन पात्यांचा स्पर्श एका वेळी एकाच बिंदूपाशी होतो आणि तो बिंदू खिळ्यापासून टोकाकडे सरकत जातो. पाती सपाट असती, तर ती नुसती घासली असती. दुसरी परीक्षा टोकाची. कागदी रुमाल ओला करायचा आणि फक्त टोकाने कापून पाहायचा. कापला तर उत्तम. चुरगळला तर ती कात्री परत ठेवायची. तिसरी गोष्ट कड्यांची. माशी बांधणारा कात्रीची कडी बोटात अडकवून ती तळहातात वळवून ठेवतो आणि माशी पूर्ण होईपर्यंत खाली ठेवत नाही, म्हणून कडी बोटाला सैल हवी. लांबी चार इंचांच्या आसपास. एका पात्याला करवतीसारखे अगदी बारीक दाते असले तर उत्तम, म्हणजे पिसाची काडी किंवा हरणाचा केस निसटत नाही.

“आणि चौथी गोष्ट महत्त्वाची,” तो म्हणाला. “एका कात्रीनं भागत नाही. ही बारीक टोकाची फक्त धाग्याला आणि पिसाला. तार, कलाबतू, जाड काडी कापायला ही दुसरी. एकदा जरी हिनं तार कापली, की धारेला खाच पडली. मग ती कात्री गेलीच म्हणायची.”

मी हसलो. हे त्याला स्कॉटलंडला जाऊन शिकायची गरज नव्हती. त्याच्या वडिलांच्या दुकानात मेरठची कात्री होती. मेरठच्या कात्र्या देशभर प्रसिद्ध आहेत. भंगारातल्या पोलादापासून त्या घडवतात, पुन्हा पुन्हा धार लावून चालतात, आणि आजोबाने घ्यावी नि नातवाने वापरावी अशी त्यांची ख्याती आहे. २०१३ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या दुकानात कोणी पोराने कापडाच्या कात्रीने कागद कापला, की वडील हातातले काम टाकून उठत. माझ्या आईचाही नियम तोच होता, आणि वर आणखी दोन होते: कात्री रिकामी चालवायची नाही, घरात भांडण होते, आणि कात्री हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, ज्याला हवी त्याने उचलायची. या समजुतींना आपण अंधश्रद्धा म्हणतो. पण त्यांच्या पोटात एक शिस्त आहे. हत्यार हे खेळायची वस्तू नव्हे, ते ज्या कामासाठी आहे त्याच कामाला लावावे, आणि जो उचलेल त्याने ते स्वतःच्या जबाबदारीवर उचलावे, एवढे त्यातून मुलांच्या मनावर ठसते. खंडेनवमीला आपण हत्यारांना हळदकुंकू वाहतो ते तरी दुसरे काय आहे?

इथपर्यंत माझ्या मनात सगळे सरळ होते. एम.ए.ला प्लेटो वाचला होता, तो आठवला. ‘रिपब्लिक’च्या पहिल्याच भागात सॉक्रेटिस छाटणीच्या कोयत्याचे उदाहरण देतो. द्राक्षवेलीची फांदी कट्यारीने कापता येईल, पटाशीनेही कापता येईल. पण त्या कामासाठीच घडवलेल्या कोयत्याने ती सर्वांत चांगली कापली जाईल. तेव्हा प्रत्येक वस्तूला तिचे असे एक कार्य असते आणि ते कार्य नीट पार पाडणे हाच तिचा सद्गुण. डोळ्याचे कार्य पाहणे, कानाचे ऐकणे, आणि माणसाच्या आत्म्याचे कार्य नीट जगणे. चांगली कात्री आणि चांगला माणूस हे दोन्ही ‘चांगले’ एकाच अर्थाने चांगले, असे या युक्तिवादातून निघते. वर्गात शिकवायला हे फार सोयीचे आहे. मी अनेकदा शिकवलेही आहे.

त्या दिवशी सोप्यात बसून मी हेच बोलून दाखवले. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, पण उत्तम कात्री चोराच्या हातात पण उत्तमच चालते की.”

आणि त्याने मला इंग्लंडमधली एक खरी घडलेली गोष्ट सांगितली. लंडनजवळ ट्रिंग या गावी तिथल्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयाचा पक्ष्यांचा संग्रह आहे. २००९ च्या जून महिन्यात एका रात्री एक तरुण खिडकी फोडून आत शिरला आणि २९९ पक्ष्यांची पिसांसकट जतन केलेली कातडी एका बॅगेत भरून घेऊन गेला. त्यांतले काही पक्षी आल्फ्रेड रसेल वॉलेस याने एकोणिसाव्या शतकात मलायाच्या द्वीपसमूहात गोळा केलेले होते. हा तोच वॉलेस, ज्याने डार्विनप्रमाणेच स्वतंत्रपणे नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडला. चोर कोणी सराईत गुन्हेगार नव्हता. तो संगीताचे उच्च शिक्षण घेणारा बासरीवादक होता आणि सॅमनच्या माश्या बांधण्यात कोवळ्या वयातच नाव मिळवलेला कारागीर होता. जुन्या कृतींतली दुर्मिळ पिसे त्याला स्वतःला हवी होती आणि त्याच्यासारख्या इतरांना विकायचीही होती. चोरी झाल्याचे संग्रहालयाच्या सुमारे महिनाभर लक्षातच आले नाही. २०१० मध्ये तो पकडला गेला, २०११ मध्ये त्याला शिक्षा झाली, तीही स्थगित.

“त्याच्या माश्या मी पाहिल्यात, सर, फोटोत,” तो म्हणाला. “एक दोरा इकडचा तिकडं नाही. आणि गंमत म्हणजे ही जुन्या पद्धतीची माशी बांधणारे बरेचजण नदीवर जातच नाहीत. माशाला त्या पिसांचं काही पडलेलं नसतं. नदीत चढलेला सॅमन खात नाही. तो माशी का पकडतो, ते अजून कुणाला नीट सांगता येत नाही. साध्या केसांच्या माशीलाही तो लागतो. पिसं हवीत ती माणसाच्या डोळ्यांना.”

मी विचारले, “पण पक्षी तर शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मेलेले. नुकसान कुणाचं झालं?”

खरे सांगायचे तर हा प्रश्न मी मास्तरी खोडी म्हणून विचारला होता. त्याने दिलेले उत्तर मात्र मी विसरणार नाही.

“चिठ्ठीचं,” तो म्हणाला. “प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. कुठं सापडला, कधी सापडला, कुणी आणला. शास्त्रज्ञाला पक्ष्याएवढीच ती चिठ्ठी महत्त्वाची. कितीतरी पक्षी परत मिळाले, पण त्यांतल्या बऱ्याच जणांच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या. मग तो पक्षी नुसती पिसं झाला की.”

कात्रीची धार तीच, हाताचे कौशल्य तेच, आणि तरी काम वाईट. म्हणजे प्लेटोच्या कोयत्याने सगळा प्रश्न सुटत नाही. कार्य नीट पार पाडणे आणि नीट कार्य पार पाडणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कात्रीला फक्त पहिली येते. दुसरी येण्यासाठी कडीत बोट घालणारा कोणीतरी लागतो.

पण याचा अर्थ कौशल्याला नैतिक मोलच नाही, असाही नव्हे. त्याने लगेच दुसऱ्या टोकाचे उदाहरण दिले. तो राहतो त्याच मुलखात, ब्रोरा नावाच्या गावाजवळ, मेगन बॉइड नावाच्या एक बाई होत्या. १९१५ साली जन्मल्या, २००१ साली वारल्या. समुद्राकाठच्या एका लहानशा घरात, जिथे कित्येक वर्षे वीजही नव्हती, खिडकीशी बसून त्यांनी पन्नासहून अधिक वर्षे माश्या बांधल्या. लहानपणी शेजारच्या एका शिकाररक्षकाने त्यांना ही विद्या शिकवली, ती अशी, की बांधलेली माशी आधी सोडवायची आणि तेच सामान वापरून पुन्हा बांधायची. त्यांच्या गिऱ्हाइकांत राजपुत्र चार्ल्सही होते. १९७१ साली सरकारने त्यांना पदक जाहीर केले, तर त्या घ्यायला गेल्या नाहीत. म्हणाल्या, त्या दिवशी माझ्या कुत्र्याला सांभाळायला कोणी नाही. आणि या बाईंनी स्वतः कधी मासे धरले नाहीत. मासा मारणे त्यांना आवडतच नव्हते.

हे ऐकून मी पुन्हा अडखळलो. मासा मारणे आवडत नाही आणि जन्मभर मासा मारायचे हत्यार घडवायचे, ही विसंगतीच नाही का? आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. ‘महाभारता’तला धर्मव्याध मांस विकतो, पण स्वतः हिंसा करीत नाही आणि मांस खातही नाही, आणि तोच एका तपस्वी ब्राह्मणाला धर्म समजावून सांगतो. आपल्या कामाचा परिणाम दुसऱ्याच्या हातून होतो, एवढ्याने आपण मोकळे होतो काय? मला तसे वाटत नाही. पण मेगन बॉइडबाईंकडे एक गोष्ट होती जी त्या बासरीवादकाकडे नव्हती. आपल्या हाताला काय करायचे आणि काय नाही, याची रेघ त्यांनी स्वतः आखली होती. ती रेघ बरोबर होती की नाही यावर वाद घालता येईल. ती होती, यावर नाही.

माझ्या विद्यार्थ्यानेही आपली रेघ आखलेली आहे. तो धरलेला मासा परत पाण्यात सोडतो. तिकडे सॅमन झपाट्याने कमी होतो आहे. २०२३ साली तर ब्रिटनमधला सॅमन आंतरराष्ट्रीय यादीत धोक्यात आलेल्या जातींत गेला. “पण सोडायचाच असेल, तर गळ टोचायचा कशाला?” असे मी विचारले. तो म्हणाला, “त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही, सर. म्हणून दरवर्षी माशी बांधतो जास्त आणि नदीवर जातो कमी.” प्रामाणिक उत्तर वाटले.

बोलता बोलता त्याचे हात चालूच होते. गळावर काळे-पिवळे रेशीम चढले, त्यावर कलाबतूचे वेढे पडले, रंगीत पिसांचे पंख बसले. प्रत्येक वेढ्यानंतर तळहातातली कात्री वळायची, टोक पुढे यायचे आणि नको तेवढाच धागा तुटायचा. मला जाणवले, की या कामात कात्रीची खरी कसोटी कापण्यात नाही, शेजारचे न कापण्यात आहे. एका केसाच्या अंतरावर दहा मिनिटांचे काम असते. तिथे थांबता आले पाहिजे. बोथट कात्री नीट कापत नाही हे खरे, पण तिचा मोठा दोष हा, की तिला नीट थांबता येत नाही.

शेवटी त्याने दोन्ही बाजूंना एकेक प्लॅस्टिकचे छोटे ठिपकेदार पान बांधले. म्हणाला, “इथं खरं तर रानकोंबड्याचं पीस लागतं. आपल्या रानकोंबड्याचं, सर.”

आपल्या खानापूरच्या, भीमगडच्या जंगलात जो राखी रानकोंबडा पहाटे आरवतो, त्याच्या मानेवरच्या पिसांवर मेणाचा थेंब पडावा तसा चकचकीत पिवळट ठिपका असतो. सॅमनच्या माशीचा तो डोळा. दक्षिणेतल्या डोंगरांतला हा पक्षी इंग्रजांच्या काळात या ठिपक्यापायी विलायतेला जात असे. १९०२ साली इथल्या इंग्रज सरकारनेच पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली, तरी चोरटा व्यापार चालत राहिला. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. आज ती पिसे देशाबाहेर नेता येत नाहीत. तिकडे काही लोक हे पक्षी पाळतात, त्यांची पिसे महाग मिळतात; म्हणून त्याच्या माशीला प्लॅस्टिकचा डोळा.

“खानापूरचा पोरगा, आणि खानापूरचा कोंबडा नकली,” तो हसत म्हणाला. मागितले काहीच नाही.

मी उठलो. आतल्या खोलीत वडिलांची जुनी पोथी आहे. ते १९५८ च्या सुमारास कणकुंबीला प्राथमिक शाळेत शिक्षक होते. पावसाळ्यात रानकोंबड्याच्या नराची मानेवरची पिसे गळतात. तशी सात पिसे त्यांना शाळेमागच्या करवंदीच्या जाळीत मिळाली होती. पोथीच्या पानांत, सुकलेल्या कडुनिंबाच्या पाल्यात, ती अजून आहेत. ती मी आणून टेबलावर ठेवली आणि म्हणालो, “घेऊन जा. कोंबडा कुणी मारलेला नाही, गळलेली पिसं आहेत. सात पिसांनी काय होतंय? कोणाला कळणार आहे?”

हे वाक्य तोंडातून गेले, आणि ते ओळखीचे वाटले. माझ्या टेबलासमोर मान खाली घालून उभी राहिलेली मुले तीस वर्षे मला हेच वाक्य ऐकवत आली आहेत.

त्याने चिमट्याने एक पीस उचलले, माशीच्या बाजूला धरून पाहिले. उजेडात तो ठिपका असा चमकला, की मलाही नकली डोळा एकदम मेल्यासारखा दिसला. बराच वेळ तो तसाच धरून बसला. त्याला मोह झाला नाही असे मी म्हणणार नाही. मी त्याचे बोट थरथरताना पाहिले. मग त्याने पीस खाली ठेवले आणि पोथीतली पिवळी पडलेली चिठ्ठी उचलली. वडिलांच्या अक्षरात तिच्यावर लिहिलेले आहे: ‘कणकुंबी, श्रावण, शके १८८०. शाळेमागे जाळीत पडलेली. रात्री पाऊस फार.’

“सर,” तो म्हणाला, “पीस मी माशीला बांधीन. पण ही चिठ्ठी कुठं बांधू?”

मी पोथी मिटली. त्याने कात्री मिटली. सौभाग्यवतीने चहा आणला, तेव्हा आम्ही दोघे गप्प बसलो होतो.

तो गेल्यावर मी पुष्कळ विचार केला. गळलेल्या पिसाने खरोखरच कोणाचे नुकसान होत नाही. पण गळलेले पीस आणि उपटलेले पीस दिसायला सारखेच असते. कायद्याने त्यांत फरक केला, तर उद्या उपटलेले प्रत्येक पीस गळलेलेच ठरेल. हे मला चांगले कळत होते. तरीही मी ‘घेऊन जा’ म्हणालो, कारण विद्यार्थी लाडका होता, आणि देण्याचा आनंद मला हवा होता. प्रेमापोटी केलेल्या गोष्टीला आपण दहा सबबी शोधतो, आणि त्या सगळ्या सबबींमध्ये कर्ता कुठेच नसतो. ‘सात पिसांनी काय होतंय’ या वाक्यात पाहा, मी कुठे आहे?

शाळेत काच फुटली, की मुले येऊन सांगतात, “सर, काच फुटली.” व्याकरणाने पाहिले तर हा कर्तरी प्रयोगच आहे. पण कर्ता कोण? तर काच! जणू तिने स्वतःच ठरवून फुटून घेतले. खरा कर्ता पुढे येऊन “मी काच फोडली” असे म्हणाला, तर तो झाला कर्मणी प्रयोग. कारण ‘फोडली’ हे क्रियापद ‘मी’च्या मागे जात नाही, ‘काचे’च्या मागे जाते. शिक्षक बोलला काय आणि शिक्षिका बोलली काय, ‘फोडली’च राहते. आपल्या भाषेत बहुतेक सकर्मक क्रियापदांचे भूतकाळात असेच होते. मात्र काम अजून झालेले नसते, तेव्हा गोष्ट वेगळी. ‘मी पिसे देईन’, ‘तू पिसे देशील’, ‘ते पिसे देतील’. इथे क्रियापद कर्त्यामागे चालते. ‘मी पिसे दिली’ म्हटले, की ते पिसांच्या मागे निघून गेले.

इतकी वर्षे हा नियम मी गुणांसाठी शिकवला. त्यातले शहाणपण मला त्या संध्याकाळी दिसले. करायचे काम कर्त्याच्या हातात असते. झालेले काम त्याच्या हातातून सुटून वस्तूच्या स्वाधीन होते. कापलेला धागा पुन्हा जुळत नाही, काढून टाकलेली चिठ्ठी पुन्हा त्याच पक्ष्याला बांधता येत नाही. कर्ता खऱ्या अर्थाने कर्ता असतो तो कात्रीची दोन पाती उघडी असतात तेवढ्या क्षणापुरता. म्हणून चांगली कात्री शोधायला तीन वर्षे घालवणारा माणूस मला आता नादिष्ट वाटत नाही. ज्याला आपली कात्री नेमकी कुठे थांबते हे ठाऊक आहे, त्याला निदान स्वतः कुठे थांबायचे हा प्रश्न पडू तरी शकतो. पण तो प्रश्न त्याने विचारला पाहिजे. कात्री विचारणार नाही.

आपण ‘कात्रीत सापडलो’ असे म्हणतो, तेव्हा परिस्थितीची दोन पाती आपल्याला कापू पाहत आहेत असे आपल्याला म्हणायचे असते. त्या दिवशी एका बाजूला माया आणि दुसऱ्या बाजूला नियम, अशा कात्रीत मी सापडलो असे मी कोणालाही सांगितले असते आणि सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. पण ते खरे नव्हे. कात्रीच्या कडीत बोटे माझीच होती.

दोन्ही ‘कर्तरीं’चे धातू वेगळे आहेत, हे मी यंदाही नववीला सांगितले. नाते काही नाही, हे मात्र सांगितले नाही.

पिसे अजून पोथीत आहेत. ती घरात ठेवणे तरी कितपत योग्य, हाही प्रश्न आता मागे लागला आहे. दिवाळीनंतर वनखात्याच्या कार्यालयात चौकशी केली जाईल, असे मी आधी या लेखाच्या शेवटी लिहिले होते. ते वाक्य मी खोडले आहे. दिवाळी झाली, की मी चिठ्ठीसकट पिसे घेऊन जाईन आणि विचारीन.